सोपोतचा सामना आणि भाकिताचा बाजार

१

२ ऑगस्ट २००७ रोजी पोलंडमधील सोपोत या समुद्रकाठच्या शहरी टेनिसचा एक सामना झाला. स्पर्धा व्यावसायिक टेनिसच्या मुख्य वर्तुळातील होती, परंतु त्या वर्तुळातील सर्वांत खालच्या श्रेणीची. एका बाजूस रशियाचा निकोलाय दाविदेन्को, जगातील चौथ्या क्रमांकाचा खेळाडू व त्याच स्पर्धेचा आदल्या वर्षीचा विजेता. दुसऱ्या बाजूस अर्जेंटिनाचा मार्तिन वासाय्यो अर्ग्वेय्यो, क्रमांक ८७. दाविदेन्कोने पहिला सेट ६-२ असा जिंकला, दुसरा ३-६ असा गमावला, आणि तिसऱ्यात १-२ असा मागे असताना पायाच्या दुखापतीमुळे सामना सोडून दिला. असे सामने दर आठवड्यास होतात व दुसऱ्या दिवशी विसरले जातात.

हा सामना विसरला गेला नाही, याचे कारण मैदानावर नव्हते. इंग्लंडमधील बेटफेअर या पैजेच्या विनिमय-बाजारात त्या दिवशी या एका सामन्यावर सुमारे ७० लक्ष डॉलरांचे व्यवहार झाले. अशा दर्जाच्या सामन्यावर एरव्ही होणाऱ्या उलाढालीच्या ही रक्कम कितीतरी पट होती. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, दाविदेन्कोने पहिला सेट सहज जिंकल्यानंतरही पैशाचा ओघ अर्ग्वेय्योच्या बाजूनेच वाहत राहिला. खेळाचा कल एकीकडे आणि भावाचा कल दुसरीकडे, असा हा प्रकार होता. सामना संपल्यावर बेटफेअरने त्यावरील सर्व पैजा रद्द ठरविल्या. टेनिसच्या संघटनेने वर्षभर चौकशी केली आणि सप्टेंबर २००८ मध्ये दोन्ही खेळाडूंना निर्दोष ठरविले. त्यांनी नियमभंग केल्याचा पुरावा मिळाला नाही. या निर्णयामुळे दोघा खेळाडूंपुरता प्रश्न मिटला आहे, आणि तो पुन्हा उकरून काढण्याचे प्रयोजन नाही.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढे निराळा प्रश्न उरतो. पैजेच्या बाजारातील भाव हे ज्ञानाचे एक साधन आहे, असा सिद्धान्त विसाव्या शतकात अर्थशास्त्रज्ञांनी मांडला व तो मोठ्या प्रमाणावर मान्य झाला. हा सिद्धान्त खरा असेल, तर सोपोतच्या दिवशी भाव चुकला नव्हता. उलट, प्रेक्षकांना दिसत नसलेली गोष्ट त्याला आधी दिसली होती. मग बाजार चालविणाऱ्यांनीच त्या भावावर अविश्वास का दाखवावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना भाकीत-बाजाराचा आणि टेनिसच्या खालच्या थराचा असे दोन इतिहास एकत्र वाचावे लागतात.

२

प्रथम परिभाषेविषयी थोडेसे. पैजेचा विचार आपल्याकडील शास्त्रकारांनी बारकाईने केलेला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात निर्जीव साधनांनी खेळल्या जाणाऱ्या जुगारास 'द्यूत' आणि सजीव प्राण्यांच्या साहाय्याने लावलेल्या पैजेस 'समाह्वय' अशी दोन भिन्न नावे दिलेली आहेत. निषेध दोहोंचाही केलेला आहे, परंतु भेद महत्त्वाचा आहे. फाशाला हेतू नसतो. कोंबड्याला किंवा मेंढ्याला झुंजण्याची ईर्षा असते, पण त्याला लाच देता येत नाही; फार तर त्याच्या धन्याला देता येते. माणसांच्या सामन्यावर लावलेली पैज ही या दोहोंहून वेगळी तिसरी कोटी मानली पाहिजे, कारण येथे ज्याच्यावर पैज लागते त्याला पैज कळते.

दुसरा शब्द 'पण'. आज मराठीत तो 'पणाला लावणे' या प्रयोगात उरला आहे. संस्कृतात 'पण्' या धातूचा अर्थ पैज लावणे असा आहे, तसाच खरेदी-विक्रीचा व्यवहार करणे असाही आहे. 'पण्य' म्हणजे विकाऊ माल आणि 'आपण' म्हणजे बाजारपेठ हे शब्द त्याच धातूपासून निघाले. पाणिनीच्या एका सूत्रात हा धातू 'व्यवहृ' या धातूच्या जोडीने येतो, आणि द्यूत व क्रयविक्रय हे अर्थ दोहोंना समान आहेत असे टीकाकार सांगतात. व्यापार आणि जुगार यांची सीमारेषा भाषेने आधीच पुसट ठेवली होती, असे यावरून दिसते. ही रेषा कोठे आखावी याविषयी अमेरिकेतील न्यायालयांत जो वाद माजला त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

तिसरा शब्द 'शर्त'. हा अरबीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ 'अट' असा आहे. प्रत्येक पैज ही अटीच्या रूपातील एक वाक्य असते: अमुक घडले तर तमुक देणे. हे वाक्य किती काटेकोर आहे यावर पैजेचे भवितव्य अवलंबून असते. टेनिसमध्ये 'जिंकणे' म्हणजे काय? प्रतिस्पर्ध्याने मध्येच सामना सोडला तर उरलेला खेळाडू जिंकला असे स्पर्धेच्या दृष्टीने म्हटले जाते; पैजेच्या दृष्टीने मात्र काही बुकी संपूर्ण सामना खेळला जाण्याची अट घालतात, तर काहींना एक सेट पूर्ण झाला तरी पुरतो. सोपोत येथे दोन सेट पूर्ण झाले होते, व सामना दुखापतीने संपला होता. वाक्यातील एका क्रियापदाच्या अर्थावर लक्षावधी डॉलर अवलंबून राहू शकतात, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

३

भाव हे ज्ञानाचे साधन आहे, या कल्पनेचा उगम साधारणतः फ्रान्सिस गाल्टन याच्या एका टिपणात दाखविला जातो. प्लिमथ येथील पशुप्रदर्शनात एका बैलाचे मांस साफ केल्यावर किती भरेल याचा अंदाज सांगण्याची स्पर्धा लागली होती. गाल्टनने ७८७ चिठ्ठ्या तपासल्या व आपले निष्कर्ष १९०७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सर्व अंदाजांतील मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला. प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड भरले. सामान्य जनांच्या समुदायास, एकेकट्यास नसलेले ज्ञान असू शकते, असे यावरून दिसले. पुढे १९४५ मध्ये फ्रीडरिश हायेक याने या कल्पनेस आर्थिक सिद्धान्ताचे रूप दिले. समाजातील ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते व ते एकत्र आणण्याचे काम बाजारातील किंमत करते, असे त्याचे प्रतिपादन होते.

या सिद्धान्ताचा प्रत्यक्ष प्रयोग अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये केला. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत कोणास किती मते पडतील याविषयीचे करार विद्यापीठाच्या छोट्या बाजारात विकले जाऊ लागले. शैक्षणिक प्रयोग म्हणून त्यास सरकारी नियामकाची सवलत मिळाली, आणि एका व्यक्तीस ५०० डॉलरांपेक्षा अधिक गुंतविता येणार नाही अशी मर्यादा घालण्यात आली. या मर्यादेचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणास जाणवले नसावे. वस्तुतः प्रयोगाचा निर्मळपणा काही अंशी तीवरच अवलंबून होता. ५०० डॉलरांसाठी अध्यक्षीय निवडणूक फिरविण्याच्या उद्योगास कोणी लागत नाही.

पैज लावणारा घटनेवरच प्रभाव टाकू शकेल, ही शंका २००३ मध्ये प्रकर्षाने पुढे आली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका संशोधन संस्थेने मध्यपूर्वेतील राजकीय घडामोडींवर भाकीत-बाजार चालविण्याची योजना आखली होती. दहशतवादी कृत्यांवर पैजा लागतील, आणि कृत्य करणाराच त्यातून नफा मिळवील, असा आक्षेप जुलै महिन्यात दोन सिनेटरांनी घेतला, व योजना तत्काळ गुंडाळण्यात आली. २०१० च्या वित्तीय सुधारणा कायद्याने तेथील नियामकास दहशतवाद, हत्या, युद्ध व जुगार यांच्याशी निगडित करार लोकहितास्तव रोखण्याचा अधिकार दिला. या यादीत शेवटी 'जुगार' हा शब्द आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

४

दुसरा इतिहास तंत्राचा आहे. पूर्वी पैज घेणारा बुकी भाव ठरवीत असे व गिऱ्हाइकाने तो मान्य करावयाचा असे. अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी जून २००० मध्ये बेटफेअर सुरू केले, तेव्हा हा क्रम बदलला. येथे गिऱ्हाईकच दुसऱ्या गिऱ्हाइकाशी पैज लावते, आणि कंपनी केवळ दलाली घेते. मुंबईच्या सट्टेबाजारात ज्यास 'लगाई' आणि 'खाई' म्हणतात, त्या दोन्ही क्रिया प्रत्येकास खुल्या झाल्या: अमुक खेळाडू जिंकेल यावर जसा पैसा लावता येतो, तसा तो हरेल यावरही लावता येतो. या दुसऱ्या सोयीचे परिणाम दूरगामी ठरले. एखाद्यास जिंकावयास लावणे दुष्कर आहे. हरावयास लावणे तितके कठीण नाही.

असा भाव म्हणजे संभाव्यतेचेच दुसरे रूप होय. बेटफेअरवर एखाद्या खेळाडूचा भाव २.५० असेल तर त्याच्या विजयाची शक्यता बाजार ४० टक्के मानतो. अमेरिकेतील नव्या बाजारांत हेच करार एक डॉलर देणाऱ्या चिठ्ठीच्या रूपात विकले जातात, व तेथे त्याच खेळाडूच्या चिठ्ठीची किंमत ४० सेंट दिसेल.

सामना चालू असताना हा भाव प्रत्येक गुणागणिक हलतो, आणि या दृष्टीने टेनिससारखा सोयीचा खेळ दुसरा नाही. याचे कारण त्याच्या गुणपद्धतीत आहे. टेनिसमध्ये गुणांचा गेम, गेमांचा सेट व सेटांचा सामना होतो, आणि प्रत्येक पायरीवर लहानसा फरक मोठा होत जातो. सर्व्हिस करणारा प्रत्येक गुण ६० टक्के शक्यतेने जिंकत असेल, तर तो गेम जिंकण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के येते. गुणाची शक्यता ६५ टक्क्यांवर गेली तर गेमची सुमारे ८३ टक्क्यांवर जाते. उलट दिशेनेही हेच खरे. मोक्याच्या दोन-तीन गुणांवर चेंडू जाळीत गेला, तर सेटचे चित्र पालटते. फुटबॉलमध्ये एका बाजूस अकरा खेळाडू असतात. त्यांतील एकास फितविले तरी निकाल हाती येईलच असे नाही. एकेरीच्या टेनिसमध्ये एक माणूस पुरतो, आणि त्याची चूक मुद्दाम केलेली की सहज घडलेली, हे पाहणाऱ्यास सांगता येत नाही. शिवाय संपूर्ण सामना हरण्याचीही गरज नसते. एक सेट किंवा एखादा ठराविक गेम सोडला, तरी त्यावर लावलेली पैज जिंकता येते, आणि खेळाडू शेवटी विजयीही होऊ शकतो.

सोपोतनंतर टेनिसच्या संघटनांनी बेन गन आणि जेफ रीस या दोघा अनुभवी पोलीस अधिकाऱ्यांकडून पाहणी करवून घेतली. त्यांचा अहवाल मे २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मागील पाच वर्षांतील ७३ सामने त्यांनी तपासले, व त्यांपैकी ४५ सामन्यांवरील पैजांचे स्वरूप अधिक चौकशीस पात्र वाटल्याचे नमूद केले. त्यांच्या शिफारशीवरून त्याच वर्षी टेनिसच्या सचोटीवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र पथक स्थापन झाले. मे २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या डॅनियल कोलेरर या खेळाडूवर निकालनिश्चितीच्या प्रयत्नांवरून आजन्म बंदी घालण्यात आली. या कारणास्तव आजन्म बंदी झालेला तो पहिला टेनिसपटू होय.

५

या सर्व काळात लोकांचे लक्ष नामांकित खेळाडूंकडे होते. खरा प्रश्न मात्र खाली, जेथे प्रेक्षकांची बाके रिकामी असतात, त्या स्पर्धांत वाढत होता. व्यावसायिक टेनिसची रचना तीन मजली आहे: वर मुख्य वर्तुळ, मध्ये चॅलेंजर स्पर्धा, आणि तळाशी आंतरराष्ट्रीय संघाच्या लहान स्पर्धा. पुण्यात बालेवाडी येथे २०२४ मध्ये जी पुरुषांची स्पर्धा झाली ती मधल्या मजल्यावरची. तळाच्या स्पर्धेत एकूण बक्षीस १५,००० डॉलर असे. गेल्या दशकाच्या अखेरीस तेथील एकेरीच्या विजेत्यास सुमारे २,१६० डॉलर, आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्यास सुमारे १५६ डॉलर मिळत. यातून प्रवास, निवास, भोजन व रॅकेटची तार यांचा खर्च भागवावयाचा असे. प्रशिक्षक परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

याच स्पर्धांना पैजेच्या बाजाराने शोधून काढले, आणि त्यास टेनिसचे चालकच कारणीभूत झाले. आंतरराष्ट्रीय टेनिस संघाने आपल्या लहान स्पर्धांतील क्षणोक्षणीचा गुणफलक विकण्याचा करार स्पोर्टरडार या कंपनीशी केला. २०१५ मध्ये त्याचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले तेव्हा त्याची किंमत ७ कोटी डॉलर असल्याचे प्रसिद्ध झाले. पंचाच्या हातातील यंत्रात नोंदविलेला प्रत्येक गुण काही क्षणांत जगभरच्या बुकींकडे पोहोचू लागला. ट्युनिशियात किंवा तुर्कस्तानात चार प्रेक्षकांसमोर चाललेल्या सामन्यावर दुसऱ्या खंडातील माणूस मध्यरात्री पैज लावू लागला. संघाची बाजू अशी होती की, अधिकृत माहिती विकली नाही तर अनधिकृत माहिती विकली जाईल, आणि मिळालेला पैसा खेळाच्याच कामी येतो. हे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. तथापि ज्या खेळाडूच्या घामातून ही माहिती निर्माण होत होती, त्याच्या हाती १५६ डॉलरच पडत होते.

माहितीला किंमत आली की माहितीच्या वाटेवर वाटमारीही सुरू होते. मैदानावर बसून, यंत्रात गुण नोंदविला जाण्यापूर्वीच तो दूरध्वनीने कळविणारे लोक निर्माण झाले. जानेवारी २०१४ मध्ये मेलबर्न येथे अशा एका तरुण इंग्रजास ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी अटक झाली. दोन महिन्यांनी त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आला. २०१६ मध्ये असेही उघड झाले की, लहान स्पर्धांतील काही पंचांवर कारवाई झाली आहे व काहींची चौकशी चालू आहे. गुण नोंदविण्यास मुद्दाम विलंब लावून पैज लावणाऱ्यांना काही क्षणांची सवड मिळवून दिल्याचा संशय त्यांच्यावर होता. त्याच वर्षी जानेवारीत बीबीसी आणि बझफीड यांनी टेनिसमधील निकालनिश्चितीविषयीचा शोधवृत्तान्त प्रसिद्ध केला, व त्याच महिन्यात अॅडम लुइस यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमण्यात आली.

या समितीचा अंतरिम अहवाल एप्रिल २०१८ मध्ये आणि अंतिम अहवाल त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये आला. टेनिसच्या इतिहासातील हा महत्त्वाचा दस्तऐवज मानावा लागेल. नावापुरते व्यावसायिक असे सुमारे १५,००० खेळाडू जगात आहेत, आणि त्यांपैकी केवळ वरचे २५० ते ३५० खेळाडू खर्च भागेल इतके मिळवितात, असे समितीस आढळले. ३,२०० हून अधिक खेळाडूंकडून माहिती घेण्यात आली. त्यांपैकी ४६४ जणांनी, म्हणजे १४.५ टक्क्यांनी, निकालनिश्चितीची प्रत्यक्ष माहिती असल्याचे सांगितले. १५,००० डॉलरांच्या स्पर्धांतील क्षणोक्षणीची अधिकृत माहिती विकणे बंद करावे, अशी समितीची शिफारस होती. पैजेस बंदी करा, असे समितीने म्हटले नाही. ज्या थरात खेळाडूचे उत्पन्न पैजेच्या तुलनेत नगण्य आहे, त्या थरापुरता बाजाराचा पुरवठा तोडा, असे तिने म्हटले.

समितीचे निदान किती अचूक होते, हे बेल्जियममधील खटल्याने दाखविले. तेथील पोलिसांच्या तपासात निकालनिश्चितीचे एक मोठे जाळे उघडकीस आले, आणि जून २०२३ मध्ये औदेनार्दे येथील न्यायालयाने ग्रिगोर सार्ग्स्यान यास पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. ३० हून अधिक देशांतील १८० हून अधिक खेळाडू या जाळ्याशी संबंधित असल्याचे वृत्त नंतर प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेकांची नावे सामान्य टेनिसप्रेमीने कधी ऐकलेली नसतात. सोपोतसारखी एकाच सामन्यावरील प्रचंड उलाढाल येथे कोठेही दिसत नाही. अनेकांच्या नावे उघडलेल्या खात्यांतून लहान लहान पैजा लावल्या जात, जेणेकरून भावात खळबळ दिसू नये. सोपोतचा धडा सचोटीच्या रक्षकांप्रमाणे गुन्हेगारांनीही गिरविला होता.

६

आता अमेरिकेतील अलीकडील घडामोडींकडे वळू. मे २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांना राज्यांनी मान्यता देण्यास आड येणारा संघीय कायदा रद्द केला, व अनेक राज्यांनी परवाने व कर यांच्या चौकटीत पैजा सुरू केल्या. याच सुमारास एक निराळी वाट निघाली. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या काल्शी या कंपनीस नोव्हेंबर २०२० मध्ये वायदेबाजाराच्या संघीय नियामकाने अधिकृत बाजार म्हणून मान्यता दिली. पॉलिमार्केट या दुसऱ्या कंपनीस जानेवारी २०२२ मध्ये नोंदणीविना करार विकल्याबद्दल १४ लक्ष डॉलर दंड झाला. २०२४ च्या निवडणुकीवरील करारांविषयीच्या खटल्यात काल्शीच्या बाजूने निकाल लागला, आणि जानेवारी २०२५ पासून तिने खेळांवरील करार विकण्यास प्रारंभ केला. टेनिसच्या मोठ्या स्पर्धांपाठोपाठ चॅलेंजर स्पर्धांतील सामनेही या बाजारात आले. एके काळी निवडणुकीचे ज्ञान मिळविण्यासाठी योजिलेले साधन अशा रीतीने टेनिसच्या दुय्यम सामन्यापर्यंत येऊन पोहोचले.

हे करार म्हणजे वायदा की जुगार, असा प्रश्न लागलीच उपस्थित झाला. नेवाडा, न्यू जर्सी, मेरीलँड आदी राज्यांनी २०२५ मध्ये ते परवान्याविना चाललेले जुगार ठरवून बंद करण्याचे आदेश दिले; आपण संघीय नियामकाच्या अधिकारकक्षेत असून राज्यांना हस्तक्षेप करता येत नाही, असे कंपनीने उत्तर दिले. निरनिराळ्या न्यायालयांनी निरनिराळे निर्णय दिले. 'पण्' या धातूचे दोन अर्थ जणू दोन वादी होऊन न्यायाधीशापुढे उभे राहिले. भारताने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. १८७२ च्या करार कायद्यान्वये आपल्याकडे पैजेचा करार न्यायालयात वसूल करता येत नाहीच. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी जो कायदा केला त्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी आणली, आणि 'हो' किंवा 'नाही' अशा मतांची खरेदी-विक्री चालविणाऱ्या येथील कंपन्यांना आपला व्यवहार थांबवावा लागला.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येणे शक्य आहे. भाकीत-बाजाराचे पुरस्कर्ते असे म्हणतात की, आतली माहिती असलेला माणूस बाजारात आला तर भाव अधिक अचूक होतो, आणि म्हणून त्याच्या येण्यात समाजाचे हित आहे. निवडणुकीच्या किंवा हवामानाच्या बाबतीत या युक्तिवादात तथ्य आहे. तथापि त्यात एक गृहीत दडलेले आहे: घटना आधी स्वतंत्रपणे अस्तित्वात आहे, आणि पैज लावणारा ती फक्त जाणतो. लहान टेनिस-स्पर्धेत हे गृहीत कोसळते. ज्याने खेळाडूस पैसे दिले तो निकाल जाणत नाही, तो निकाल घडवितो. आणि ज्या भावास आपण ज्ञान म्हणतो ती त्याच्या सौद्याची केवळ पावती असते. असा भाव अचूक असतो यात संशय नाही. परंतु तो दोन खेळाडूंच्या बळाविषयी काहीही सांगत नाही. अचूकता आणि ज्ञान या दोन गोष्टी येथे फारकत घेतात. बेटफेअरने सोपोतच्या दिवशी अचूक ठरलेल्या भावावरही विश्वास ठेवण्याचे नाकारले, त्यामागील तत्त्व हेच होय. खेळाडू निर्दोष ठरले म्हणून ते तत्त्व लटके ठरत नाही.

मुंबईच्या जुगाराचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. एकोणिसाव्या शतकात या शहरात पावसावर पैजा लागत, व त्यांस आळा घालण्यासाठी १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांवर 'आकडा' खेळला जाऊ लागला. तो स्रोत १९६० च्या सुमारास आटला, तेव्हा मटक्यातून चिठ्ठी काढण्याची पद्धत आली. या प्रकारांनी कित्येक संसार धुळीस मिळविले, आणि त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण पाऊस आणि परदेशचा कापूस यांची निवड करण्यात जुगाऱ्यांचे व्यवहारज्ञान दिसते. आभाळास लाच देता येत नाही, आणि गिरगावातील माणसाचा हात न्यूयॉर्कच्या भावापर्यंत पोहोचत नाही. पैज लावणारा आणि घटना यांमधील हे अंतर हाच त्या खेळावरील विश्वासाचा पाया होता. मटका आला आणि चिठ्ठी माणसाच्या हाताने निघू लागली, तेव्हा ती सर्वांच्या देखत काढण्याची निकड भासू लागली, ती याच कारणाने.

यावरून एक कसोटी हाती येते. भाव हे ज्ञान आहे की नाही हे बाजारात किती लोक आहेत यावरून ठरवू नये. घटनेवर ज्याचे नियंत्रण आहे त्याला प्रामाणिकपणे खेळून काय मिळते, आणि त्याच घटनेवरील पैजेतून काय मिळू शकते, या दोन रकमांच्या तुलनेवरून ठरवावे. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पहिली रक्कम इतकी मोठी असते की दुसरीचा मोह सहसा पडू नये. १५,००० डॉलरांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीच्या खेळाडूपुढे १५६ डॉलर आणि मध्यस्थाने देऊ केलेले काही हजार डॉलर असतात. आयोवाच्या प्रयोगात पैजेची मर्यादा लहान आणि घटना मोठी होती. टेनिसच्या तळाशी पैज मोठी आणि घटना लहान आहे. साधन तेच राहिले, परंतु त्याची दोन्ही टोके उलटली.

याची झळ कोणास लागते तेही नोंदविले पाहिजे. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय संघ यांनी २०२४ या वर्षाविषयी जी माहिती प्रसिद्ध केली, तिच्यानुसार ४५८ खेळाडूंना उद्देशून समाजमाध्यमांवर सुमारे ८,००० शिवीगाळीचे वा धमकीचे संदेश आले, आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के संदेश पैज हरलेल्या संतप्त लोकांचे होते. प्रामाणिकपणे खेळून हरलेल्या खेळाडूवरही आज विकला गेल्याचा आरोप होतो, कारण त्याची चूक आणि विकत घेतलेली चूक दिसावयास सारखीच असते. टेनिसच्या सचोटीचे काम १ जानेवारी २०२१ पासून नव्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे गेले आहे, व दोषींवरील बंदीचे निर्णय ती वरचेवर जाहीर करीत असते. परंतु शिक्षा ही खेळाडूस होते, आणि विषम तुलना निर्माण करणारा करार वर, संघटनेच्या कचेरीत होतो. तळाच्या स्पर्धांना बाजारापासून दूर ठेवावे, ही २०१८ च्या समितीची सूचना म्हणूनच त्या अहवालातील सर्वांत महत्त्वाची सूचना ठरते. नवे भाकीत-बाजार चॅलेंजर सामन्यांवर करार विकू लागल्यापासून तिचा विचार नव्याने करण्याची वेळ आली आहे, आणि तो करताना ज्या खेळाडूच्या नावावर चिठ्ठी विकली जाते त्याच्या वाट्यास काय येते, हा प्रश्न प्रथम विचारावा लागेल.